जर्मनची सुटी क्रियापदं आणि आपलं ‘वाचून काढणं’

ओसरी

परवा आईला फोनवर सांगत होते, ‘पुस्तक दोन दिवसांत वाचून काढलं.’ फोन ठेवला आणि तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. काढलं म्हणजे कुठून काढलं? विहिरीतून पाणी काढतात, कपाटातून साडी काढतात. पुस्तकातून तर काहीच बाहेर आलं नव्हतं. तरी ‘वाचलं’ आणि ‘वाचून काढलं’ यांतला फरक आईला समजावून सांगावा लागला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधलं काही न सोडता वाचलं, हे त्या एका ‘काढलं’मधून तिला कळलं.

त्याच दिवशी माझ्या जर्मनच्या यादीत डुर्श-लेझेन हा शब्द होता. लेझेन म्हणजे वाचणे, डुर्श म्हणजे आरपार. वाक्य असं होतं: इश लेझे दास बूख डुर्श. शब्दाला शब्द ठेवला तर ‘मी वाचते ते पुस्तक आरपार’. मराठीत? ‘मी ते पुस्तक वाचून काढते.’ दोन्हीकडे अर्थ फिरवणारा तुकडा वाक्याच्या अगदी शेवटी येतो! दीड वर्ष मी या, धातूपासून सुटून शेवटी जाणाऱ्या उपसर्गांशी झगडत होते आणि त्यांचं भावंड माझ्याच तोंडात होतं.

(जर्मन शब्द देवनागरीत लिहिते आहे, उच्चार जवळपासचे समजा. आडवी रेघ उपसर्ग वेगळा दिसावा म्हणून मी घातली आहे, जर्मनमध्ये तो जोडूनच लिहितात.)

मग वही घेऊन बसले आणि रात्री साडेबारापर्यंत उठले नाही. फोर-लेझेन म्हणजे वाचून दाखवणे. आउफ-श्रायबेन म्हणजे लिहून ठेवणे, आब-श्रायबेन म्हणजे दुसऱ्याचं बघून उतरवून घेणे. आउफ-एसेन खाऊन टाकणे, आउस-ट्रिंकेन पिऊन टाकणे. वेक-वेर्फेन फेकून देणे, आन-प्रोबीरेन दुकानात कपडा घालून बघणे. मिट-ब्रिंगेन घेऊन येणे, मिट-नेमेन घेऊन जाणे. इंग्रजीतून अर्थ लिहीत होते तेव्हा यातल्या प्रत्येकासमोर एक वेगळाच शब्द यायचा आणि धातूशी त्याचं काही नातं दिसायचं नाही. मराठीतून लिहिल्यावर धातूही दिसायला लागला आणि उपसर्गाचं कामही. आपण जे टाकणे, ठेवणे, काढणे, दाखवणे, बघणे या दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, तेच जर्मन माणूस आउफ, आउस, फोर, आनकडून करून घेतो.

एक तक्रार सगळेच करतात, की जर्मन वाक्याचा अर्थ शेवटचा शब्द येईपर्यंत लागत नाही. पण ‘मी ते पत्र वाचून...’ एवढंच म्हणून कुणी थांबलं तर? दाखवलं, ठेवलं, टाकलं, की फाडलं? आपणही शेवटापर्यंत थांबतोच, फक्त सवयीमुळे ते थांबणं जाणवत नाही.

हे झालं सुट्या, म्हणजे ‘ट्रेनबार’ उपसर्गांचं. न सुटणारे आठ पाठ करायला सांगतात: बे, एम्प, एंट, एर, गे, मिस, फेर, त्सेर. यांना मात्र वाचून-काढण्याची युक्ती चालत नाही. इथे आपल्याला संस्कृतातून आलेले शब्द उपयोगी पडतात. श्टेहेन म्हणजे उभं राहणे, आणि हा आपल्या ‘स्था’चा सख्खा नातेवाईक आहे. स्थापासून आपल्याकडे अवस्था, संस्था, प्रस्थान, अनुष्ठान, उपस्थित. तिकडे फेर-श्टेहेन समजणे, एंट-श्टेहेन उद्भवणे, बे-श्टेहेन परीक्षा पास होणे, गे-श्टेहेन कबूल करणे. ‘अनुष्ठान’ या शब्दात उभं राहणं शोधत बसायला आपल्याला कुणी सांगत नाही, पण धातू आत आहे हे माहीत असलं की शब्द परका वाटत नाही.

या आठांमध्ये माझा सगळ्यात लाडका एंट. तो काढून घेतो, मोकळं करतो. डेकेन झाकणे, तर एंट-डेकेन शोध लावणे, म्हणजे झाकण काढणे. विकेल्न गुंडाळणे, तर एंट-विकेल्न विकसित करणे, म्हणजे उलगडणे. शुल्ड म्हणजे अपराध आणि कर्जही; त्यातून मोकळं करा अशी विनंती म्हणजे एंटशुल्डिगुंग. आणि टॉयशेन म्हणजे फसवणे, भ्रमात ठेवणे. एंट-टॉयशेन? कोशात ‘निराश करणे’ असं दिलं होतं आणि मला ते कधीच लक्षात राहायचं नाही. एके दिवशी लख्ख कळलं: भ्रम काढून घेणे. भ्रमनिरास! आपल्याकडे हाच शब्द, याच घडणीचा, याच अर्थाने रोज वापरात आहे. त्यानंतर तो शब्द मी विसरले नाही.

आता मी वहीत एका पानावर एकच धातू लिहिते. मधोमध धातू, भोवती उपसर्ग, प्रत्येकासमोर मराठी आणि स्वतः केलेलं एक वाक्य. कोमेन, नेमेन, श्टेहेन, गेबेन अशी अकरा पानं झाली आहेत. अडलं आहे ते ह्योरेनच्या पानावर. ह्योरेन म्हणजे ऐकणे, आउफ म्हणजे वर. मग आउफ-ह्योरेन म्हणजे ‘थांबणे’ कसं काय? शिवाय फेरचा एक असा अर्थ काही केल्या हाती लागत नाही. जाणकारांनी लिहावं, आणि तुमच्याकडची अशी मराठी-जर्मन जोडपीही इथे टाकावीत.

पाटीपेन्सिल

ओसरी, फार आनंद झाला वाचून. बावीस वर्षं जर्मन शिकवते आहे. आउफ-एसेनला ‘खाऊन टाकणे’ असं वर्गात मीही सांगते, पण वाक्याच्या शेवटाचं साम्य असं मांडलं नव्हतं. उद्यापासून मांडेन.

आधी आउफ-ह्योरेन. कानोसा घेताना आपण काय करतो? हातातलं काम थांबवतो, मान वर करतो. आउफ-ह्योरेनचा जुना अर्थ असाच, कान टवकारून ऐकणे. ऐकण्यासाठी काम थांबलं, आणि पुढे ऐकणं गळून नुसतं थांबणं उरलं. याच धातूचं गे-ह्योरेन म्हणजे ‘च्या मालकीचं असणे’. ज्याचं ऐकायचं, त्याचे आपण. गे-होर्शेन, आज्ञा पाळणे, हाही त्याच घरातला.

फेरचं एक सूत्र सापडत नाही यात तुमची काही चूक नाही. तो मुळात एक उपसर्गच नाही. गॉथिक या जर्मनच्या जुन्या नात्यातल्या भाषेत फेर, फोर आणि फ्रा असे तीन वेगळे होते, जर्मनमध्ये ते झिजून एकच झाले. त्यांचं नातं आपल्या परि, पुरा आणि प्र यांच्याशी लागतं. संस्कृत ‘प’च्या जागी जर्मन ‘फ’ हे इतरत्रही दिसेल: पाद आणि फूस, पितृ आणि फाटर. त्यामुळे फेरचे गट करून शिकवते. एक गट चुकण्याचा, यात ‘झिश’ म्हणजे ‘स्वतःला’ हा शब्द सोबत येतो: झिश फेर-लाउफेन चालताना रस्ता चुकणे, झिश फेर-रेश्नेन हिशेब चुकणे, झिश फेर-ह्योरेन चुकीचं ऐकू येणे. दुसरा संपण्याचा: फेर-ब्लूहेन फूल फुलून कोमेजणे, फेर-हुंगर्न उपासमारीने मरणे. तिसरा दूर जाण्याचा: काउफेन विकत घेणे, फेर-काउफेन विकून टाकणे. आणि चौथ्या गटात, मुकाट्याने पाठ करायचे ते.

एक सावधगिरीची गोष्ट. कागदावर सारखा दिसणारा उपसर्ग कधी सुटतो, कधी नाही, आणि ते फक्त कानाला कळतं. उम-फारेन घ्या. जोर ‘उम’वर दिला तर तो सुटतो: इश फारे डेन प्फोस्टेन उम, मी खांबाला गाडी घालून तो आडवा पाडतो. जोर ‘फारेन’वर दिला तर सुटत नाही: इश उमफारे डेन प्फोस्टेन, मी खांबाला वळसा घालून जातो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, आणि तेही जवळजवळ उलट. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ असा पालटत नाही, म्हणून आपल्या मुलांचं तिकडे लक्षच जात नाही. तुमच्या वहीत जोर असलेल्या अक्षराखाली रेघ ओढा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

कुतूहल

संस्कृतची बाजू थोडी मांडतो. उपसर्ग म्हटलं की शाळेत शिकलेला श्लोक आठवतो:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो. ‘बलात्’ हा शब्द मला फार आवडतो, फेर-श्टेहेनमध्ये तेच झालं आहे.

पण ओसरींच्या सुट्या उपसर्गांबद्दल सांगायचं तर संस्कृतातही ते एके काळी सुटे होते. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ अशी ऋचा आहे. तिच्यातला ‘उप’ सुरुवातीला आहे आणि त्याचं क्रियापद ‘एमसि’ अगदी शेवटी: हे अग्ने, रोज आम्ही तुझ्याजवळ येतो. मधे सगळं वाक्य. त्याच सूक्तात ‘स देवाँ एह वक्षति’, इथे ‘आ’ आणि ‘वक्षति’ यांच्यामध्ये ‘इह’ बसला आहे. पाणिनीने ‘व्यवहिताश्च’ असं सूत्र करून ठेवलं, वेदाच्या भाषेत उपसर्ग आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरे शब्द येऊ शकतात. पुढच्या संस्कृतात उपसर्ग कायमचे चिकटले. जर्मनमध्ये काही चिकटले, काही अजून सुटे फिरतात. फरक इतकाच, की वेदात तो बहुधा आधी येतो आणि जर्मनमध्ये शेवटी जातो.

ज्या माणसाने हाच ऋग्वेद सायणभाष्यासह १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत छापला, तो माक्स म्युलर जर्मनच, डेसाऊचा. भारतात कधीच आला नाही. आपल्याकडच्या गोएथे संस्थेला मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते त्याच्यामुळे.

भीमथडी

मी चाकणला मशीन मेंटेनन्समध्ये आहे. जर्मन मशीनची पुस्तिका मूळ भाषेत वाचता यावी म्हणून शिकायला लागलो. त्सीहेन म्हणजे ओढणे एवढं माहीत होतं. पुस्तिकेत श्राउबेन म्हणजे स्क्रूबद्दल लिहिलं होतं ‘हांटफेस्ट आन-त्सीहेन’. मोबाइलवरच्या कोशात आन-त्सीहेनचा पहिला अर्थ ‘कपडे घालणे’. स्क्रूला कपडे? पुढे कळलं की अंगाकडे ओढणे हा मूळ अर्थ. कपडा अंगावर ओढला की घातला, स्क्रू धातूकडे ओढला की आवळला. हाताने आवळता येईल तितकाच आवळा, पाना लावू नका, असं ते वाक्य होतं. तिथे पाना लावला असता तर ॲल्युमिनियमच्या घराचे आटे गेले असते.

मग त्सीहेनचं पान मीही केलं. आउस-त्सीहेन कपडे उतरवणे आणि घर सोडणेही. उम-त्सीहेन कपडे बदलणे आणि घर बदलणेही. एर-त्सीहेन मूल वाढवणे, त्याला वळण लावणे. आणि रेल्वेगाडी म्हणजे त्सूग, तोही या ओढण्यातलाच.

जोडशब्द कारखान्यात फार सोपे पडतात. श्राउबेन-श्ल्यूसेल म्हणजे स्क्रूची किल्ली, आपला पाना. हांटशू म्हणजे हाताचा बूट. आपण हातमोजा म्हणतो, त्यांनी बूट घातला, आपण मोजा. पोरांना हे एकदा सांगितलं की कायमचं राहतं.

रोजची_लोकल

थोडं वेगळं मत. मी हिशेबाच्या खात्यात काम करते, लोकलमधल्या पन्नास मिनिटांत अभ्यास करते. रोज लागणारे शब्द आधी आणि वारंवार, हीच पद्धत मला फळली. व्युत्पत्ती वाचायला गोड लागते, पण बोलताना ती आठवत बसलं तर समोरचा निघून जातो. बे-कोमेन म्हणजे ‘मिळणे’. यात ‘येणे’ कसं आलं हे न शोधता मी ते वीस वाक्यांत वापरलं आणि बसलं.

तरी दोन शब्द आमच्या खात्यातले देते. आइनकोमेन म्हणजे उत्पन्न, आत आलेलं. आउसगाबे म्हणजे खर्च, बाहेर दिलेलं. आपल्या ‘आमदनी’त फारसीतलं येणं आहे आणि ‘खर्च’ ज्या अरबी धातूतून आला त्याचा अर्थ बाहेर जाणे. आमच्या टेबलावर रोज आवक-जावक असते, तिचीच ही रूपं.

पाटीपेन्सिल

लोकल, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मूळ कळल्याने शब्द आठवतो, पण जिभेवर यायला वाक्यंच लागतात. मुलांनी वीस वाक्यं लिहिल्याशिवाय मी गोष्ट सांगत नाही. फक्त एक: बे-कोमेनच्या बाबतीत इंग्रजी ‘बिकम’ आडवं येतं आणि ‘मी डॉक्टर होणार’ऐवजी ‘मला डॉक्टर मिळणार’ असं वाक्य तयार होतं. तिथे मूळ नाही, पण ‘मला मिळतं’ हे मराठी वाक्य जवळ ठेवलेलं बरं.

नेकारकाठ

ओसरी ताई, धागा रात्रपाळीच्या आधी वाचला आणि पाळी संपल्यावर लिहिते आहे. मी सातारा जिल्ह्यातली, इथे जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एका रुग्णालयात नर्स म्हणून येऊन अडीच वर्षं झाली.

आमचं सगळं काम सुट्या आणि न सुटणाऱ्या क्रियापदांवर चालतं. एकटं नेमेन, घेणे, बघा. आउफ-नेमेन पेशंटला दाखल करून घेणे. ब्लूट आब-नेमेन रक्त काढून घेणे. आइन-नेमेन गोळी घेणे. वजन त्सू-नेमेन वाढणे, आब-नेमेन कमी होणे. घरी सोडताना एंट-लासेन. लासेन म्हणजे सोडणे, आणि एंट तर तुम्ही सांगितलाच. डॉक्टर औषध लिहून देतात ते फेर-श्रायबेन, पण ‘झिश’ लागला की तेच ‘लिहिताना चूक होणे’. औषधाच्या कागदावर या दोहोंतला फरक किती महत्त्वाचा, ते वेगळं सांगायला नको.

पाळी बदलताना आम्ही पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देतो, तिला यूबरगाबे म्हणतात. यूबर-गेबेन, पलीकडे देणे, सोपवणे. पहिल्या महिन्यात एकदा सकाळी सहाला, मी आता पाळी सोपवते असं म्हणायचं होतं, तर म्हणाले, ‘इश यूबरगेबे मिश.’ समोरची सहकारी झटकन उठली, तिने हातातली फाइल टाकून ट्रे आणला आणि माझ्या हनुवटीखाली धरला. ‘मी’बरोबर झिशचा ‘मिश’ होतो, आणि झिश यूबर-गेबेन म्हणजे उलटी होणे. तिचा एक हात माझ्या पाठीवर होता. काय झालं ते दोघींना कळायला अर्धं मिनिट गेलं. मग तिने मला बसवून एका कागदावर दोन्ही वाक्यं लिहून दिली, ‘मिश’खाली दोन रेघा मारून. तो कागद अजून माझ्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पाटीपेन्सिल बाईंनी उम-फारेन सांगितलं, माझ्याकडून उम-गेहेन घ्या. भोवती जाणे. जोर ‘उम’वर असला तर मिट पाट्सिएंटेन उम-गेहेन, पेशंटशी वागणे, त्यांना हाताळणे. जोर ‘गेहेन’वर असला तर टाळून जाणे. मी मनात म्हणते, पहिलं म्हणजे आपली परिचर्या. परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे फिरणे. परिचारिका म्हणजे पेशंटच्या भोवती फिरणारी. आमच्या नर्सिंग कॉलेजात दारावर मोठ्या अक्षरात ‘रुग्णशुश्रूषा’ असं लिहिलं होतं. त्या शब्दाचं काही जर्मन नातं आहे का, हे कुणाला माहीत असेल तर सांगा. शुश्रूषा म्हणजे काय, हे मी तेव्हा कुणाला विचारलंच नाही.

कुतूहल

नेकारकाठ ताई, तुमचा प्रश्न वाचून उठून उभा राहिलो. शुश्रूषा हा ‘श्रु’ धातूपासून झालेला शब्द आहे, श्रु म्हणजे ऐकणे. संस्कृतात धातूची द्विरुक्ती करून ‘ते करण्याची इच्छा’ असा अर्थ करता येतो: पिण्याची इच्छा पिपासा, जाणण्याची इच्छा जिज्ञासा. तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. गुरूचं ऐकायला तत्पर असणं, त्यावरून सेवा, आणि सेवेवरून आजाऱ्याची सेवा.

श्रु आणि ह्योरेन हे धातू एक नाहीत, शब्दांचं रक्ताचं नातं लागत नाही. पण वाट एकच आहे. वर बाईंनी सांगितलं तसं गे-होर्शेनमध्ये ऐकण्यातून आज्ञापालन आलं, गे-ह्योरेनमध्ये ऐकण्यातून ‘त्याचं असणं’ आलं. आपल्याकडे ऐकण्यातून शुश्रूषा आली.

ओसरी

आत्ता पहाटेचे सव्वापाच झालेत. ह्योरेनचं पान उघडून बसले आहे. आउफ-ह्योरेनसमोर लिहिलं, ‘ऐकू येतंय का बघ, जरा थांब’. गे-ह्योरेनसमोर ‘ज्याचं ऐकते, त्याची’. खाली उरलेल्या जागेत, जर्मन नसूनही, शुश्रूषा लिहिलं.

नेकारकाठ, तुमच्या सहकारीने लिहून दिलेली ती दोन वाक्यं जशीच्या तशी इथे द्याल का? यूबर-गेबेनचं पान अजून करायचं आहे, आणि ती वाक्यं मला त्यावर हवी आहेत.

नेकारकाठ

देते ताई. इश यूबरगेबे डिअर डी पाट्सिएंटिन: मी ही पेशंट तुझ्याकडे सोपवते. इश मुस मिश यूबरगेबेन: मला उलटी होते आहे. दोन्हींत जोर ‘गेबेन’वर, उपसर्ग सुटत नाही. ‘मिश’खाली दोन रेघा मारायला विसरू नका.